मला पहिला तास नको

शाळेचे नवे वर्ष विद्यार्थ्यांसाठी पहिल्या घंटेला सुरू होते. आमच्या शिक्षक-खोलीत मात्र ते त्याच्या बरेच आधी, मुख्याध्यापकांच्या एका वाक्याने सुरू होते. "मॅडम, तुम्ही गणिताच्या. वेळापत्रक म्हणजे तुमच्या हातचा मळ," असे म्हणत ते तुकड्यांची आणि शिक्षकांची यादी माझ्या हाती ठेवतात आणि दारापर्यंत गेल्यावर, आत्ताच आठवल्यासारखे करून, "दोन तासांचे काम आहे," अशी पुस्ती जोडतात.

गणित येणाऱ्या माणसाला वेळापत्रक सोपे जाते, हा समज ज्याने पसरवला त्याला गणित येत नसावे. एका तुकडीला दिवसाच्या आठ तासिकांत आठ वेगळे विषय द्यायचे म्हटले, तर त्यांची मांडणी ४०,३२० प्रकारे करता येते. शेजारच्या तुकडीलाही तेच आठ शिक्षक शिकवणार असतील, तर एक माणूस एका वेळी दोन वर्गांत उभा राहू शकत नाही, एवढ्याच अटीपायी त्या दुसऱ्या तुकडीसाठी १४,८३३ मांडण्या उरतात. तिसऱ्या तुकडीपासून पुढचा हिशेब मी मनातल्या मनातही करत नाही. इतक्या असंख्य शक्यतांमध्ये भूगोलाच्या सरांना पसंत पडेल अशी एकही नसावी, हे मात्र संभाव्यताशास्त्रालाही थक्क करणारे आहे.

माझ्या या गाऱ्हाण्याला शास्त्राधार आहे. देनेश क्योनिग या हंगेरियन गणितज्ञाने १९१६ साली सिद्ध केलेल्या एका प्रमेयातून असे निघते की, कोणत्याही शिक्षकाला किंवा तुकडीला उपलब्ध वेळेपेक्षा जास्त तास दिलेले नसतील आणि सगळे शिक्षक सगळ्या वेळी हजर असतील, तर वेळापत्रक बसतेच बसते, आणि तेही फारशी डोकेफोड न करता. पुढे १९७६ साली शिमॉन इव्हेन, अलोन इताई आणि आदी शामिर यांनी दाखवून दिले की, तासिका अवघ्या तीन असल्या आणि सगळे वर्ग सदैव मोकळे असले, तरी काही शिक्षक त्या तीनपैकी दोनच वेळी मिळणार असतील, तर हाच प्रश्न एकदम त्या कुप्रसिद्ध प्रश्नांच्या पंगतीत जाऊन बसतो, ज्यांना सोडवण्याची झटपट आणि हमखास रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही. याचा अर्थ असा की, घोळ मुलांमुळे होत नाही, खोल्यांमुळे होत नाही, माझ्यामुळे तर नाहीच नाही. तो "मला पहिला तास नको" या एका वाक्यामुळे होतो. या तिघांपैकी शामिर पुढच्याच वर्षी दोन सहकाऱ्यांसह गुप्तलेखनाच्या जगप्रसिद्ध पद्धतीचे जनक ठरले. वेळापत्रकाशी गाठ पडलेल्या माणसाला गुप्ततेची ओढ का लागावी, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

कारण यादी माझ्या हाती आल्याची बातमी माझ्याआधी शिक्षक-खोलीत पोहोचलेली असते. एरवी हजेरीपटातून मान वर न करणारी माणसे आपुलकीने माझ्या प्रकृतीची चौकशी करू लागतात आणि चौकशीच्या शेपटाला एक छोटीशी विनंती असते. विज्ञानाच्या मॅडमना प्रयोगशाळेसाठी जोडतास हवा असतो, हे रास्तच आहे. पण तो मधल्या सुटीला लागून असावा, म्हणजे साहित्य आवरायला वेळ मिळतो, आणि सुटीनंतर मात्र नसावा, कारण तेव्हा मुले पेंगतात. भाषेच्या मॅडमना खेळाच्या तासानंतरचा वर्ग नको असतो, कारण घामाघूम मुलांपुढे कविता रंगत नाही. इतिहासाचे सर सलग तीन तास घेतले की घसा बसतो असे सांगतात, आणि ते सांगण्यासाठी ते सलग दोन तास बोलतात. चित्रकलेचे सर आठवड्यातून तीनच दिवस येतात. कोणते तीन, हे ते मागाहून कळवणार असतात. शेवटचा तास कोणालाच नको असतो. मोकळा तास प्रत्येकाला हवा असतो, पण तो अशा वेळी हवा, की त्या वेळी सहसा कोणी गैरहजर राहत नाही, म्हणजे तो बदली तासाच्या घशात जाणार नाही. एवढी दूरदृष्टी आमच्यापैकी कोणी वार्षिक नियोजनाच्या वहीत दाखवल्याचे ऐकिवात नाही.

एका वर्षी हे सारे मी संगणकाच्या गळ्यात घातले. त्यासाठीची चांगली सॉफ्टवेअर मिळतात आणि कुरकुर न करता ती राबतात. सगळ्यांच्या अटी मी इमानाने भरल्या. बराच वेळ विचार करून त्याने उत्तर दिले की, दिलेल्या अटींमध्ये वेळापत्रक तयार होऊ शकत नाही. काही अटी काढून टाकाव्यात. संगणकाचे बरे असते, त्याला कोणाची भीड पडत नाही आणि मधल्या सुटीत कोणाशेजारी बसायचे नसते. मी तो कागद मुख्याध्यापकांना दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "म्हणूनच तर तुम्हाला सांगितले."

शाळा उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी, सगळे जमत आले असताना, प्रवेश वाढल्यामुळे एक तुकडी वाढल्याचे कळते. ते कळणारच असते. मग रात्री उशिरा जे काही तयार होते त्याच्या डोक्यावर "तात्पुरते" असे लिहून ते फळ्यावर लावले जाते, आणि जी वस्तू तात्पुरती म्हणून लावली जाते ती वार्षिक परीक्षेपर्यंत तिथेच राहते, हा शाळेचा अलिखित नियम आहे. सकाळी मुले त्याभोवती गर्दी करतात. एवढ्या मोठ्या तक्त्यात त्यांची नजर फक्त खेळाचे तास शोधते आणि ते सापडले की उरलेल्या आठवड्याशी त्यांना काही कर्तव्य राहत नाही. त्यांच्याइतके समंजस वाचक मला शिक्षक-खोलीत लाभलेले नाहीत.

तिथे वाचन वेगळ्या पद्धतीने चालते. प्रत्येक जण आधी माझी ओळ पाहतो, मग स्वतःची. वेळापत्रक करणारा माणूस मलई स्वतःकडे ठेवतो, असा सार्वत्रिक संशय असल्यामुळे यंदा मी कोणाला बोटही ठेवायला जागा मिळू नये म्हणून आठवड्याचे जवळजवळ सगळे शेवटचे तास स्वतःकडे घेतले. त्याचा परिणाम दोन दिवसांत दिसला. कुजबुज सुरू झाली की, मॅडम उगाच शेवटचे तास घेणार नाहीत. त्यात काहीतरी सोय असलीच पाहिजे. मधल्या सुटीत इतिहासाचे सर माझ्याजवळ येऊन बसले, प्रकृतीची चौकशी केली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, शेवटचे दोन-तीन तास माझ्याकडे फिरवता आले तर बघा ना." मी बराच वेळ कपाळाला आठ्या घालून तक्त्याकडे पाहिले, हे फार अवघड आहे असे त्यांना दोनदा सांगितले आणि त्यांचा विचार बदलण्याच्या आत त्यांच्याकडून तसा लेखी अर्ज घेतला.