रेलिंगनं म्हणे शोभा जाते

आज सकाळी सोसायटीची मीटिंग झाली. नव्या लॉबीत चकचकीत काळा ग्रॅनाइट बसवलाय, बाहेर तीन पायऱ्या, आणि धरायला काहीही नाही. एका बाजूला साधं स्टीलचं रेलिंग लावा, एवढीच माझी मागणी. उत्तर आलं, "शोभा जाते हो. आणि वय झालं की माणसानं जपून चालावं." लोकांनी माना डोलावल्या आणि चर्चेची गाडी पार्किंगवर गेली.

जपून म्हणजे अजून किती जपून? माझी आई ७६ वर्षांची आहे. आमच्या पॅसेजच्या भिंतीवर तिच्या हाताच्या उंचीला एक तेलकट, करडा पट्टा उमटलाय, तिच्या खोलीच्या दारापासून थेट बाथरूमपर्यंत. बटणांच्या बोर्डापाशी तुटतो, पुढे परत सुरू होतो. याहून जपून कोण चालतं? तरी पडली. रात्री लघवीला उठली, दोन पावलं टाकली आणि पलंगाच्या कडेवर आदळली. मनगट मोडलं. "खुबा वाचला, नशीब समजा," असं जो तो सांगून गेला.

प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांचंही तेच, वय आहे, व्हायचंच. चक्कर येते म्हणाली तर चक्करची गोळी. नेमकं काय होतं हे कुणी विचारलंच नाही. खोली गरगर फिरते, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, की पाय जमिनीवर ठरत नाहीत? या तीन वेगळ्या तक्रारी आहेत! कूस बदलली की खोली फिरत असेल तर बऱ्याचदा कानाच्या आतले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून भलत्या नळीत गेलेले असतात. जाणकार डॉक्टर डोकं ठरावीक पद्धतीनं वळवून ते जागेवर आणतात, एपली मॅन्युव्हर म्हणतात त्याला. अंधारी येत असेल तर बीपी झोपवून आणि मग उभं करून मोजायचं असतं. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर आधी गोळ्या तपासायला हव्यात. हे सगळं सोडून "वय झालं" म्हणायला डॉक्टर कशाला हवा? ते तर शेजारचेही सांगतात.

मनगटाच्या व्यायामाला गेलो तिथल्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं आईला अनवाणी उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. आई लगेच डुलायला लागली. मग तिनं पायाच्या अंगठ्याला बारीक दोरा टेकवून विचारलं, "आजी, कळतंय का काही?" आई म्हणाली, "लाव की मग, कळलं तर सांगते." दोरा केव्हाचा टेकलेला होता.

जुना मधुमेह, तळपाय बधिर. तोल सांभाळायला कान, डोळे आणि तळपाय लागतात. एक अधू झालं की बाकीची निभावून नेतात. आईचे पाय गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, वर झोपेची गोळी आणि रात्रीचा अंधार. ती धांदरट म्हणून पडली नाही हो.

हाडाचं काय, हाड जुळलं. पण आई भजनाला जायची बंद झाली. "पायऱ्यांवर धरायला कुणीतरी लागतं ना, कशाला उगाच," असं म्हणून टीव्हीसमोर बसून राहायला लागली. गवळण सुरू झाली की जिचा आवाज आधी लागायचा, ती बाई. आणि भीतीनं बसून राहिलं की मांड्यांतली ताकद जाते, ताकद गेली की पडायची शक्यता आणखी वाढते. तिला तसं बसलेलं बघणं फार जड गेलं मला.

ज्येष्ठ हट्टी असतात, मान्य. आईनं काठीला महिनोन्महिने हात लावला नाही. पण मोतीबिंदू काढला, डॉक्टरांनी झोपेची गोळी हळूहळू बंद केली, पॅसेजमध्ये रात्रभर दिवा असतो. आता कुकर लावला की ओट्याला धरून ती टाचा उचलते, खुर्चीतून हात न टेकता उठते, एका पावलापुढे दुसरं ठेवून मनात दहा आकडे मोजते. भजनाला परत जायचं म्हणतेय, आणि आम्ही तिला काय देतोय, तर गुळगुळीत ग्रॅनाइट!

सगळीकडे हेच. २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट केली, चांगलंच केलं. पण चढायची पहिली पायरी केवढी उंच, आणि म्हातारं माणूस सीटवर टेकायच्या आत डबल बेल. आधारापुरता एक दांडा मागितला की आपल्याला शोभा आठवते. अरे, कुणाच्या बापाची शोभा?

फॅब्रिकेटरचं कोटेशन मी आणतेय. बिल्डिंगमधले जे इथे वाचताय त्यांनी अर्जावर सही करा, तुमचेही आईवडील त्याच पायऱ्या उतरतात.

बाकीच्यांनी एवढं करा. घरात बीपीचं मशीन असेलच. आईवडिलांचं बीपी आडवं असताना मोजा, मग उभं करून लगेच आणि तीन मिनिटांनी परत मोजा, तोवर शेजारी धरून उभे राहा. आकडे कागदावर लिहा आणि डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची अख्खी पिशवी न्या, झोपेच्या गोळीसकट.