समुद्र रोज रात्री चमकत नाही, आणि फॉस्फरसचा त्यात हात नाही

सुट्ट्या जवळ आल्या की एक मजकूर न चुकता फिरायला लागतो. सोबत तोच फोटो: काळोख, ओली वाळू आणि काठावर निळ्या ठिपक्यांचा सडा. मजकूर थोडक्यात असा: 'मालदीवच्या वाधू बेटावर रोज रात्री समुद्रात तारे उतरतात. पाण्यातल्या फॉस्फरसमुळे हे घडतं. वर्षभरात कधीही जा, पौर्णिमेला गेलात तर स्वर्गच. पाणी चमकतंय म्हणजे शुद्ध आहे, बिनधास्त डुंबा. बाटलीत भरून आणलंत तर घरी रात्रभर दिवा.' वाधू बेट खरं आहे, तिथे असा उजेड दिसतो हेही खरं. त्यापुढे मात्र जवळजवळ प्रत्येक वाक्यात खोट आहे.

फॉस्फरसची थाप सगळ्यात जुनी, म्हणून आधी ती. १६६९ साली हॅम्बुर्गमध्ये हेनिग ब्रांड नावाचा किमयागार सोनं मिळवण्यासाठी माणसाचं मूत्र आटवत बसला होता. सोनं मिळालं नाही, अंधारात चमकणारा पदार्थ मिळाला. तोच फॉस्फरस. पण पांढरा फॉस्फरस चमकतो तो हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होताना. उघड्या हवेत तो पेट घेतो, म्हणून प्रयोगशाळेत त्याला पाण्याखाली बुडवून ठेवतात. ज्याला शांत ठेवायला पाणी लागतं तो समुद्र उजळेल कसा? समुद्राच्या पाण्यात फॉस्फेट असतं, पण ते चमकत नाही. त्याचा संबंध फार तर खतापुरता, म्हणजे पाण्यातल्या जिवांना पोसण्यापुरता.

चमकतात ते जीव. बहुतेक वेळा डायनोफ्लॅजेलेट या गटातले एकपेशीय प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगत राहणारे चिमुकले जीव. त्यातला नॉक्टिल्युका एका पेशीच्या मानाने चांगलाच मोठा, कधी कधी मिलिमीटरभर, म्हणजे काचेच्या पेल्यात नुसत्या डोळ्यांना कण म्हणून दिसेल इतका. लाट फुटली, मासा गेला, वल्हं पडलं की पेशीच्या आवरणावर ताण येतो. आत बारीक पिशव्या असतात, त्यांतली आम्लता एकदम वाढते, ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा ल्युसिफरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने ऑक्सिजनशी संयोग होतो आणि निळा उजेड पडतो. किती वेळ? सेकंदाचा दहावा भाग. ही दोन्ही नावं राफाएल द्युब्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात चमकणारे भुंगे आणि शिंपले यांच्यावर प्रयोग करताना दिली.

हा सगळा खटाटोप कशासाठी, याचं प्रचलित उत्तर मला फार आवडतं. प्लवक खायला आलेला चिमुकला कवचधारी प्राणी त्या झगमगाटाने बिचकतो. शिवाय तो उजेडात सापडतो, आणि त्याला खाणाऱ्या माशाला आयता दिसतो. चोर घरात शिरल्यावर आळी जागी करण्यातला हा प्रकार. म्हणजे पाण्यात कुणीतरी ढवळाढवळ केल्याशिवाय उजेड नाही. एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचे अर्धे मुद्दे आपोआप सुटतात.

अंदमानात स्वराजद्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, मी एका अमावास्येच्या आसपास खारफुटीत कयाक घेऊन गेलो होतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं शुद्ध फसवणूक वाटली. पाणी काळं, आकाश काळं, आणि पुढच्या कयाकमधले एक काका दर दोन मिनिटांनी मोबाइलचा टॉर्च लावून 'दिसतंय का काही?' विचारत होते. नाही दिसणार काका, टॉर्च लावल्यावर! अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका झोताने हिशेब परत शून्यावर येतो. शेवटी टॉर्च बंद झाला. वल्ह्याच्या पात्याभोवती फिकट धूर उठल्यासारखं दिसायला लागलं. हात कोपरापर्यंत बुडवून बाहेर काढला तर ओघळणाऱ्या थेंबांबरोबर हातावरच्या केसांत चार-पाच ठिणग्या अडकलेल्या, आणि मोजेपर्यंत गेल्याही. मोबाइलवर काढलेला फोटो अजून आहे माझ्याकडे. पूर्ण काळा.

आता त्या व्हायरल फोटोंचं. ते बनावट असतात असं मी म्हणत नाही, उजेड खराच असतो. पण कॅमेऱ्याचं शटर दहा-वीस सेकंद उघडं ठेवलं की तेवढ्या वेळातल्या शेकडो चमका एकाच चित्रात साठतात. डोळ्याला अशी साठवण जमत नाही. शिवाय मंद उजेडात आपण डोळ्यातल्या ज्या पेशींनी पाहतो त्यांना रंग कळत नाहीत. त्यामुळे दाट बहर, म्हणजे प्लवकांची प्रचंड गर्दी, नसेल तर प्रत्यक्षात दिसते ती राखाडी-पांढरट चमक, विजेसारखा निळा रंग नाही. वाळूवर टपोरे ठिपके बराच वेळ तेवत असतील तर ते डायनोफ्लॅजेलेट नसून ऑस्ट्रॅकोड असण्याची शक्यता जास्त. हे तिळाएवढे कवचधारी प्राणी चमकणारा द्रव अंगाबाहेर टाकतात, म्हणून त्यांचा उजेड टिकतो. जपानमधली त्यांची एक जात वाळवून पूड केली आणि नंतर पाण्यात भिजवली तरी चमकते.

'रोज रात्री, वर्षभर' हा दावा तर नुकसान करणारा, कारण त्याच्या भरवशावर लोक तिकिटं काढतात. उघड्या किनाऱ्यावर प्लवक आणतो तो प्रवाह आणि वारा. आज दाटी असेल, चार दिवसांनी तो पट्टा दुसऱ्या बेटाला लागलेला असेल. मालदीवमध्ये वाधू हे काही एकमेव बेट नाही आणि वाधूलाही हमी नाही. हमीच्या जवळ जाणारी ठिकाणं वेगळ्या घडणीची असतात. पोर्तो रिकोजवळच्या व्हिएकेस बेटावरची मॉस्किटो बे ही खाडी उथळ, तोंडाशी अरुंद, भोवती खारफुटी. पायरोडिनियम नावाचे प्लवक आत अडकून राहतात आणि त्यांना पोषणही मिळतं. जगातली सर्वांत तेजस्वी खाडी म्हणून गिनीजमध्ये तिची नोंद आहे. पण सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळ आलं आणि तीही काही महिने विझली. नंतर सावरली.

पौर्णिमेचा सल्ला कुणी दिला असेल देव जाणे. चंद्राच्या उजेडात ही चमक बुडून जाते. अमावास्येच्या आगेमागे जावं, किंवा चंद्र मावळल्यावर अथवा उगवण्याआधी. पौर्णिमेशी नातं सांगणारा एक जीव आहे खरा: बर्म्युडाचा अग्निकृमी. त्याच्या माद्या पौर्णिमेनंतर दोन-तीन रात्रींनी पृष्ठभागावर येऊन हिरव्या उजेडात गोल गोल फिरतात. पण त्याही सूर्यास्तानंतर साधारण तासाभरात, चंद्र उगवायच्या आतल्या काळोखात.

शुद्धतेबद्दल. उजेड म्हणजे पाणी घाण, असं उलटं टोकही खरं नाही. पण प्लवकांचा दाट बहर पोषकद्रव्यांवर पोसला जातो आणि ती सांडपाण्यातूनही येतात. अरबी समुद्रात अलीकडच्या दशकांत हिवाळ्यात नॉक्टिल्युकाचे प्रचंड हिरवे बहर येतात आणि त्यांचा संबंध तिथल्या कमी होत चाललेल्या ऑक्सिजनशी लावला जातो. नॉक्टिल्युकाच्या पेशीत अमोनिया साठतो, बहर दाट झाला तर मासे मरतात. पायरोडिनियमची गोष्ट आणखी गंभीर. फिलिपिन्समध्ये १९८३ पासून त्याच्या बहरांनी शिंपल्यांत सॅक्सिटॉक्सिन हे विष उतरवलं आहे. ते शिजवून जात नाही आणि त्याने श्वसनाचे स्नायू लुळे पडू शकतात. म्हणजे चमकणाऱ्या पाण्यात हात घातल्याने सहसा काही बिघडत नाही, पण तिथले शिंपले ताटात घेण्याआधी स्थानिक इशारा आहे का हे विचारावं. आणि 'बिनधास्त डुंबा' म्हणणाऱ्यांनी दुसरी बाजूही पाहावी: मॉस्किटो बेमध्ये पोहायला बंदी आहे. माणसाच्या अंगावरचं सनस्क्रीन आणि डास पळवणारी मलमं त्या जीवांना सोसत नाहीत.

राहिली बाटली. भरून आणाल, गाडीत ती तासभर हिंदकळेल, आणि प्रत्येक हिंदकळ्याला आतल्या पेशी आपला साठा उधळत जातील. घरी पोचेपर्यंत पुष्कळशा थकलेल्या, काही मेलेल्या. प्रयोगशाळेत काही जाती वाढवतात, पण तिथे तापमान सांभाळावं लागतं, प्रकाश आणि अंधाराच्या पाळ्या लावाव्या लागतात, आणि तरीही त्या हलवल्याशिवाय चमकत नाहीत. शिवाय यातल्या अनेकांच्या अंगात स्वतःचं घड्याळ असतं. १९५०च्या दशकात अमेरिकेत हेस्टिंग्ज आणि स्वीनी यांनी अशाच एका जातीवर ते दाखवून दिलं. सतत एकाच मंद उजेडात ठेवल्या तरी या पेशी त्यांच्या रात्रीच्या वेळेला जास्त चमकतात, दिवसाच्या वेळेला कमी. त्यामुळे अशी बाटली भर दुपारी अंधाऱ्या खोलीत नेऊन कितीही हलवा, फारसं काही दिसणार नाही. त्यांची रात्र झालेली नसते.