ड्रॅक्युला जपला, मग रामसे का नको?

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परत तोच वाद, रामसे ब्रदर्सचे ‘पुराना मंदिर’, ‘वीराना’ वगैरे भुताखेताचे हिंदी सिनेमे सरकारी पैशातून जपायचे का, आणि निम्मी मंडळी म्हणतायत त्या कचऱ्यावर एक रुपया घालवू नका. मी इंग्लंडमध्ये स्लाऊला राहतो, इथून थोड्याच अंतरावर थेम्सच्या काठी ब्रे गावाजवळ एक जुनं मोठं घर आहे, तिथे 1951 पासून हॅमर या भयपट काढणाऱ्या ब्रिटिश कंपनीचा स्टुडिओ होता, म्हणून राहवलं नाही.

हॅमर 1934 ची, पण नाव झालं ते 1957 चा फ्रँकेन्स्टाइन आणि 1958 चा ड्रॅक्युला यामुळे, दोन्हीत नट पीटर कुशिंग आणि ख्रिस्तोफर ली. पैसा बेताचाच. बर्नार्ड रॉबिन्सन सेट डिझाइन करायचा, तो एका सिनेमाचा सेट थोडा फिरवून, रंग बदलून लगेच दुसऱ्याला वापरायचा, ड्रॅक्युलाचा एक भाग संपला की त्याच सेटवर रशियाच्या रास्पुतीनवरचा सिनेमा! इथल्या समीक्षकांनीही तेव्हा सडकून झोडपलं होतं, अगदी आपल्या ग्रुपवरच्याच भाषेत. 1968 ला याच कंपनीला राणीच्या नावाचं उद्योग पारितोषिक मिळालं, तेही परदेशातून डॉलर आणले म्हणून, म्हणजे कलेची कदर इथेही आधी नव्हतीच. सत्तरच्या दशकात कंपनी डबघाईला आली.

याच हॅमरने 1959 ला ठगांवर ‘स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’ काढला, आपली माणसं त्यात ज्या पद्धतीने दाखवलीत ते मला बघवत नाही. तरी तो नष्ट व्हावा असं मी कधीच म्हणणार नाही.

आणि ड्रॅक्युलाचा शेवट बघा. उन्हात जळताना तो स्वतःच्या तोंडावरची कातडी ओरबाडतो, तो तुकडा सेन्सॉरने कापलेला. टोकियोच्या सरकारी संग्रहात 1984 च्या आगीतून शेवटची काही रिळं वाचली होती, त्यात तो 2011 ला सापडला, आणि आता सिनेमात परत जोडलाय. जपानमध्ये कुणी दर्जा बघून ती रिळं फेकली असती तर?

आपल्याकडे 2003 ला पुण्यात नायट्रेटची, म्हणजे जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या फिल्मची रिळं जळाली, त्यात प्रभातचा ठेवा गेला. प्रभातला कोण कचरा म्हणेल? तरी गेलाच ना! आता पुण्यात जुने सिनेमे रिस्टोअर करायचं काम चालू आहे, चांगलंच आहे, पण यादी करताना रामसे, दादा कोंडके सगळे घ्या. गोडाउनमध्ये, लॅबमध्ये जी निगेटिव्ह पडून असतील ती आधी थंड कोरड्या खोलीत न्या, वाद नंतर घालू.