खुलासा: दीर्घिकेतला ‘धूर’ म्हणजे जीवसृष्टी नव्हे

‘१२ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला धूर सापडला, म्हणजे तिथे सजीव आहेत’ असा मेसेज फिरतोय. शोध खरा आहे, २०२३ चा. निष्कर्ष मात्र चुकीचा.

दिसला तो अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशातला, मूळचा ३.३ मायक्रॉन तरंगलांबीचा पट्टा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), विश्वाच्या प्रसरणाने ताणून सुमारे १७ मायक्रॉनवर पोचलेला. बेंझिनसारखी वलयं जोडून बनलेल्या रेणूंतला कार्बन-हायड्रोजन बंध कंप पावला की तो उमटतो. डांबरगोळीतल्या नॅफ्थलिनचा वर्णपट प्रयोगशाळेत घेतला तरी पट्टा साधारण ३.३ मायक्रॉनवरच येतो. हे रेणू ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने तापतात. त्याला सजीव लागत नाहीत. काजळीतही ते असतात, म्हणून बातम्यांत ‘धूर’ शब्द आला. (नेमका रेणू कोणता, हेही पट्ट्यावरून कळत नाही, कळतं फक्त कुटुंब.)

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.