पम्याची द्राक्षं आणि कलम ३०९

"हात तोडायला पाहिजेत एकेकाचे."

पम्याने चहाचा पहिला घोटही घेतला नव्हता. म्हणजे विषय तोच. तो सोनसाखळी चोर जामिनावर सुटल्याचं सकाळपासून ग्रुपवर फिरत होतंच, फक्त कट्टा भरायचा बाकी होता. नाशिकला मालेगाव स्टँडच्या अलीकडे आमचा कट्टा आहे. हार्डवेअरचं दुकान पोरावर सोडून पम्या सातला हजर होतो आणि साडेसातपर्यंत देश सुधारून मोकळा होतो. त्याच्या राज्यघटनेत तीनच कलमं आहेत: हात तोडा, भर चौकात तोडा, आणि माझ्या दुकानासमोर नको, गिऱ्हाईक जातं.

"सुटला म्हणजे काय रे?" अव्या वकील म्हणाला. हा दिवसभर सीबीएसजवळच्या कोर्टात फौजदारी बाजू चालवतो, त्यामुळे संध्याकाळी आवाज चढवत नाही. "खटला उभा राहायचाय अजून. तारखेला येईन, साक्षीदारांना हात लावणार नाही, एवढ्या बोलीवर घरी पाठवलंय त्याला."

"तेच ते! तुम्ही वकीलच सोडवता यांना."

"मी नाही, संसदेने सोडवलाय. नवीन भारतीय न्याय संहितेत हिसका मारून पळणाऱ्यांसाठी वेगळं कलम केलं, ३०४. शिक्षा किती? जास्तीत जास्त तीन वर्षं. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नका, आधी नोटीस द्या, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ सालीच अर्नेश कुमारच्या निकालात सांगितलंय. अटक केलीच, तर का केली ते लिहून द्यावं लागतं. तो कागद लंगडा निघाला की जामीन."

"आणि त्या बाईंच्या मानेला ओरखडे उठले त्याचं काय?"

पम्याच्या तोंडून महिन्यातून एकदा बरोबर प्रश्न निघतो. तो हाच.

"हे विचारलंस ते बरं केलंस," अव्या पुढे सरकला. "ओरखडे चोरी करतानाचे आहेत आणि डॉक्टरी दाखल्यात आलेत, तर जबरी चोरी लागू शकते. ३०९, दहा वर्षांपर्यंत. हायवेवर सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत केली तर चौदा. म्हणून पहिल्या तासाभरात बाईंना दवाखान्यात नेलं का, दाखल्यात मानेचा उल्लेख आहे का, यावर केस फिरते. आरोपीचा वकील आधी तेवढंच वाचतो. बाकी फिर्याद कितीही रडवेली असू दे."

जोशी मास्तर इतका वेळ पेपरची घडी घालत होता. "आमच्या वेळी जुन्या दंडविधानात चोरीला ३७९ आणि जबरी चोरीला ३९२ होतं. सगळं पाठ होतं लोकांना."

"तुला कशाला पाठ होतं रे?" दत्तूने विचारलं. द्वारका सर्कलला गॅरेज आहे त्याचं. मास्तरने उत्तर दिलं नाही.

पम्याला मात्र कलमांत रस नव्हता. त्याला रील्स हव्या होत्या. "पोलीस धरून आणतात आणि कॅमेऱ्यापुढे 'कायद्याचा बालेकिल्ला' म्हणायला लावतात ना, तस्सं करा सगळ्यांना. चेहरा दाखवा. लोकांना कळू दे कोण आहे तो."

"दाखव की. मग ओळख परेड कशाला घ्यायची?"

"म्हणजे?"

"नाशिकरोड जेलमध्ये तहसीलदार येतो. आरोपीला त्याच्याच वयाच्या, त्याच्याच अंगकाठीच्या पोरांत उभं करतात आणि फिर्यादीला म्हणतात, ओळख. त्याआधी तिने त्याला पाहिलेलं नको, म्हणून आणताना-नेताना तोंडावर बुरखा घालतात. उलटतपासात मी एकच विचारतो: बाई, याचा फोटो मोबाईलवर आला होता का? भल्या घरची बाई, खोटं बोलत नाही. हो म्हणते. झाली परेड मातीमोल."

"पण तिला कोण पाठवणार फोटो?"

सगळे पम्याकडे बघायला लागले. परवा रात्री 'सावधान नाशिककर' म्हणून आरोपीचा फोटो आठ ग्रुपवर याच गृहस्थांनी टाकला होता, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

"मी जनजागृती केली!"

"तू बचाव पक्षाचं काम केलंस. फी मागू नकोस म्हणजे झालं."

दत्तूने चहा फुर्रकन उडवला. पुढची पाच मिनिटं पम्याची जनजागृती हा एकच विषय. लॉकडाऊनमधला काढ्याचा फॉरवर्डही निघाला. काढा पिऊन मास्तरला पित्त झालं होतं आणि तो राग मास्तरच्या पोटात अजून आहे.

मग दत्तूने विचारलं, "चेन सापडली का पण?"

"लगड सापडली," अव्या म्हणाला. "सराफाकडे गेलं की अर्ध्या तासात वितळतं. आता ती लगड बाईंपुढे ठेवा आणि म्हणा, ओळखा तुमचा दागिना. काय ओळखणार? ना कडी, ना घडण. म्हणून पोलीस निवेदन पंचनामा भक्कम करायला बघतात. आरोपी म्हणतो, चला, कुणाला विकली ते दाखवतो. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, पण त्याच्या सांगण्यावरून जे नवीन हाती लागलं, तेवढा भाग चालतो. तिथे पंच लागतात. पंच कोण, तर ठाण्यासमोरचा टपरीवाला. तोच माणूस दहा केसेसमध्ये पंच. कोर्टात विचारलं, तुम्ही कुठे होतात, तर म्हणतो, साहेबांनी सही मागितली, केली."

"आता व्हिडिओ काढतात म्हणे."

"झडती-जप्तीचं चित्रीकरण आता सक्तीचंच आहे. नीट केलं तर माझ्यासारख्यांची अडचण आहे, आणि ती असायलाच हवी. माझं भांडण नीट केलेल्या तपासाशी नाहीच."

हे वाक्य त्याने सहज टाकलं, पण पम्यालाही क्षणभर काही सुचलं नाही. क्षणभरच.

"सराफाला पण आत घाला!"

"घालतात. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असूनही घेतला, तर ३१७. पम्या, तो तुझा नवा फोन कितीला पडला रे?"

"सहा हजार."

"बिल?"

"ओळखीचा पोरगा आहे."

"खोका?"

पम्याने फोन खिशात घातला.

मास्तरचं दुखणं वेगळं होतं. गेल्या श्रावणात रामकुंडावर त्याच्या बहिणीची पर्स गेली, आत अठराशे रुपये. ठाण्यात एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून बोळवण केली. २०२७ ला सिंहस्थात लाखो लोक येणार, प्रत्येकाच्या कनवटीला हजार-दोन हजारच असणार. मग काय, गंगेत सोडून द्यायचे?

"यात कायदाच चुकलाय," अव्याने सरळ मान्य केलं. "पाच हजारांच्या आतली चोरी आता अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पहिल्यांदाच दोषी ठरला आणि माल परत केला, तर समाजसेवेची शिक्षा. ती कल्पना मला आवडते. भाकरी चोरणाऱ्या पोराला जेलात टाकलं तर तो तिथून वाहनचोरी शिकून येतो. पण अठराशे रुपये म्हणजे तुझ्या बहिणीचा महिन्याचा किराणा असेल, तर तिची फिर्याद घ्यायलाच कुणी नाही, हे बरोबर नाही."

"पेपरवाले मात्र दोन पोरांनी पाकीट मारलं तरी दरोडा छापतात," दत्तू म्हणाला.

"दरोड्याला पाच लागतात. पाच जणांनी मिळून जबरी चोरी केली पाहिजे. जन्मठेपेपर्यंत जाते."

इथे दत्तूचे डोळे चमकले. "मखमलाबाद," तो म्हणाला.

मास्तरने पेपर तोंडापुढे धरला.

अकरावीत होतो आम्ही. मखमलाबादच्या मळ्यात रात्री द्राक्षं तोडायला गेलो होतो: पम्या, अव्या, दत्तू, मी, आणि बांधाबाहेर सायकली धरून मास्तर. राखणदार उठला तेव्हा पळता पळता पम्याने त्याला ढेकूळ मारलं होतं. बरोबर खांद्यावर बसलं.

"मी तर बाहेर होतो," पेपरमागून आवाज आला.

"हजर राहून मदत करणाराही मोजतात, मास्तर. पाच भरले."

"अरे पण द्राक्षं होती ती!"

"वेलीवर होती तोवर जमिनीचा भाग. तोडली की जंगम मालमत्ता, उचलली की चोरी." अव्याला आता खरा रंग चढला होता. "प्रश्न एवढाच, की ढेकूळ कशासाठी मारलं. माल घेऊन जाता यावा म्हणून मारलं, तर जबरी चोरी, आणि पाच जण म्हणून थेट दरोडा. माल टाकून दिला आणि निव्वळ जीव वाचवायला मारलं, तर साधी चोरी आणि दुखापत, एवढ्यावर भागतं. अशा निकालांवर किती जण सुटलेत. तेव्हा पम्या, नीट आठवून सांग. ढेकूळ मारलंस तेव्हा घड हातात होता का?"

पम्याने कट्ट्याकडे पाहिलं. हात तोडायचा कार्यक्रम आता कुणाला आठवत नव्हता.

"नव्हता," तो ठामपणे म्हणाला. "शप्पथ. हातात काहीच नव्हतं."

"मग कुठे होता?"

"तोंडात."

दत्तू कट्ट्यावरून खाली बसला. मास्तर पेपरमागे हलत होता. अव्या हसता हसता सांगायचा प्रयत्न करत होता की अर्ध्या गिळलेल्या मालावर उच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या वाचनात नाही, तोवर पम्याने चहाचे पैसे काढले. सगळ्यांचे. तडजोड म्हणे.