चाळीस मिनिटांनंतरचं कोण बघणार?

'चाळीस मिनिटांचं सलाइन आणि दुपारी पुन्हा ऑफिसात', हे नैराश्यावर केटामीन या भुलीच्या औषधाने होणाऱ्या उपचाराविषयीच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. केटामीन शिरेतून द्यायला साधारण तेवढाच वेळ लागतो, मान्य. पण त्यात रक्तदाब चढतो, आजूबाजूचं सगळं लांब गेल्यासारखं वाटतं, आणि ते ओसरेपर्यंत पेशंटला तिथेच थांबवतात. गाडी तर दुसऱ्या दिवशी, रात्रीची नीट झोप झाल्यावरच. आमच्या भावजींनी नैराश्यासाठी इथे बडोद्यात हा उपचार घेतला. स्वतःच्या स्कूटरवरून घरी यायचा त्यांचा हट्ट होता! शेवटी मीच सोबत जायला लागले. दांडिया बाजारात घर, त्यात गणपतीचे दिवस, बाहेर ढोल-ताशे. खिडक्या लावून, दिवा मालवून त्यांना निजवायचं आणि कुणालाही 'कसं वाटतंय?' विचारू द्यायचं नाही, हेच माझं काम. मळमळ होती, म्हणून संध्याकाळी फक्त मऊ भात.

तयारीबद्दल तर लेखात अक्षर नाही. उपाशी किती वेळ राहायचं, रक्तदाबाची गोळी त्या सकाळी घ्यायची का, हे डॉक्टरांना आधीच विचारावं. झोपेच्या नि चिंतेच्या काही गोळ्यांनी केटामीनचा परिणाम कमी होऊ शकतो, त्याही दाखवाव्यात. मनानेच बंद मात्र करू नयेत.