वाचणाऱ्या पोरांना माणसं नको असतात असं कुणी सांगितलं?

'अगं जरा माणसांत मिसळत जा.' हे वाक्य मी चौथी-पाचवीपासून ऐकतेय आणि आता 26 वर्षांची झाले तरी ते काही संपत नाही. परवा चुलतभावाच्या साखरपुड्यात आत्या परत म्हणाली, ते पण अगदी प्रेमाने, जवळ बसवून, पाठीवरून हात फिरवत, त्यामुळे तिथे काही बोलले नाही. पण डोक्यातून जाईना म्हणून आज सविस्तर लिहितेय. पोस्ट लांब होणारे, निवांत असाल तेव्हा वाचा.

मला जे म्हणायचंय ते आधीच सांगते. वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या पोरांना माणसं नको असतात हा समज साफ चुकीचा आहे. त्यांना माणसं हवी असतात, खरं तर जरा जास्तच हवी असतात. पण आजूबाजूला ज्या गप्पा चालू असतात त्यात शिरायला त्यांना फट सापडत नाही, आणि ज्या जागी ती सापडायची त्या जागा आपण सगळ्यांनी मिळून हळूहळू बंद करत आणल्यात. दोष मात्र त्या पोरांच्या स्वभावाला. घुमी आहे, एकलकोंडी आहे, माणूसघाणी आहे, शिष्ट आहे.

मी हिंजवडीत नोकरी करते. चारचा चहा आम्ही सगळे एकत्र घेतो. माझी टीम खूप चांगली आहे हे आधी लिहिते, मला डेंग्यू झाला होता तेव्हा ह्याच लोकांनी आळीपाळीने डबा आणून दिलाय. चहाला विषय काय तर कुणाचं ऑनसाईट, कुणाचा पझेशनला लटकलेला फ्लॅट, आयपीएल, नवीन वेबसिरीज, लोणावळ्याला कुठला व्हिला बुक करायचा. ह्यात मला काही कमी दर्जाचं वाटत नाही, लोक जगतात तेच बोलतात. पण सोमवारी कुणी विचारतं, काय गं वीकेंडला काय केलंस, आणि माझ्या तोंडून निघतं 'काही नाही, घरीच होते.' आता खरं काय झालेलं असतं? दोन दिवस मी स्वतः लिहायला घेतलेल्या एका गोष्टीत अडकलेली असते. त्यातला म्हातारा राहतं घर विकायला एकदम तयार का होतो हे मला सापडत नसतं, आणि रविवारी रात्री भांडी घासताना एकदम कळतं की त्याला घर विकायचंच नाहीये, त्याला फक्त मुलाने एकदा 'नको विकू' म्हणायला हवंय. त्या क्षणी मला जो आनंद झालेला असतो तो मी चहाच्या ग्लासासमोर कसा सांगू? मागे एकदा सांगून पाहिलं होतं, समोरच्याने मनापासून विचारलं, 'मग ह्याचं पुढे काय करणार, पुस्तक काढणार का?' त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण त्यानंतर मी 'घरीच होते' वर आले.

म्हणजे महिन्यातला सगळ्यात भरलेला दिवस आणि त्याचं उत्तर 'काही नाही.' हे रोज थोडं थोडं साचत जातं आणि मग माणूस खरंच गप्प होतो.

मुलगी असलं की अजून एक भानगड. बायोडेटात 'छंद : वाचन' असं सगळ्यांच्याच असतं, माझ्या पण आहे, आईनेच टाईप केलंय. बघायला आलेले लोक विचारतात 'काय वाचता?' मी उत्तर द्यायला सुरुवात करते, आणि दुसऱ्या वाक्याला पोह्यांची डिश फिरायला लागते. मग आई सांगते, 'शांत आहे स्वभावाने.' मी शांत नाहीये हो! मला त्या माणसाशी त्याने शेवटचं वाचलेलं काय, किंवा वाचत नसेल तर लहानपणी घरात गोष्टी कोण सांगायचं, ह्यावर तासभर बोलता आलं असतं. मुलांना निदान कट्टा असतो, टपरी असते, रात्री अकराला हातात पुस्तक घेऊन एकटा मुलगा कुठेही बसला तर कुणी बघत नाही. मुलगी बसली की दहा मिनिटांत कुणीतरी येऊन विचारतं, कुणाची वाट बघतेयस का.

आता त्या जागांबद्दल. हा खरा मुद्दा आहे.

आमचं सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तिथल्या वाचनालयात मी सातवीत सभासद झाले, अनामत आजोबांनी भरली. जुन्या पुस्तकांना मागच्या पुठ्ठ्याला आतून एक छापील चिठ्ठी डकवलेली असते, त्यावर सभासद क्रमांक आणि परत करायची तारीख. कॉलेजच्या सुट्टीत माझ्या लक्षात आलं की मी जे पुस्तक काढतेय त्यावर माझ्या आधी एकच नंबर सारखा दिसतोय. कथासंग्रह काढला, तो नंबर. रशियन कादंबऱ्यांची जुनी भाषांतरं काढली, तो नंबर. एक आत्मचरित्र होतं ज्याची पानं सुद्धा एकमेकांना चिकटलेली, त्यावर पण एकच नोंद आणि ती त्याच नंबराची. तुम्हाला सांगते, एवढ्या गावात आपल्या आधी कुणीतरी हेच सगळं वाचत गेलंय ह्या कल्पनेनेच मला इतकं बरं वाटायचं की मी पुस्तक निवडताना आधी चिठ्ठी बघायला लागले. शेवटी न राहवून ग्रंथपाल ताईंना विचारलं. त्या हसल्या, म्हणाल्या, 'ते होय, एसटी डेपोत मेकॅनिक होते, रिटायर झालेत. गुरुवारी सकाळी येतात पेपर वाचायला.'

गुरुवारी गेले. काका पेपर वाचत होते, नखांत अजून काळं. मी नंबर सांगितला तर आधी ते घाबरले, त्यांना वाटलं एखादं पुस्तक परत करायचं राहिलंय. मग बोलायला लागलो ते वाचनालय बंद व्हायची वेळ झाली. वर्कशॉपमध्ये त्यांनी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं की ते वाचतात. रात्रपाळीला गाडी येईपर्यंत बॉनेटवरच्या लाईटमध्ये वाचायचे. जी. ए. कुलकर्णींच्या कथांवर ते जे बोलले तसं मी नंतर कुठल्या चर्चासत्रात पण ऐकलं नाही. आजही गावी गेले की आम्ही भेटतो. मला त्यांच्या घरचं फार काही माहीत नाही, त्यांना माझा पगार माहीत नाही, आणि तरी ज्या मोजक्या लोकांशी मी मोकळेपणाने बोलू शकते त्यात ते आहेत. आता मला सांगा मी माणसांत मिसळत नाही का?

हे घडलं कारण तशी जागा होती. काही काम नसताना जाऊन बसता येईल अशी, काही विकत न घेता, कुणाच्या घरी न जाता. आज त्याच वाचनालयाचा हॉल पूर्ण अभ्यासिका झालाय. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, बँक. सकाळी सातपासून खुर्च्या धरलेल्या, टेबलावर पाण्याची बाटली आणि चार्जर. मागे एकदा कादंबरी घेऊन बसले तर एका मुलाने नम्रपणे सांगितलं, 'ताई, इथे फक्त अभ्यासाला बसतात.' त्या पोरांवर माझा अजिबात राग नाही, त्यांचं अख्खं आयुष्य एका जाहिरातीला टांगलेलं आहे, घरी अभ्यासाला खोली नाही, ती कुठे जाणार. कार्यकारिणीवर पण नाही, कारण अभ्यासिकेच्या फीमधूनच लाईटबिल निघतं असं ते सांगतात आणि ते खोटं नसणार. पण आपल्याकडे ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे, अ-ब-क-ड वर्ग आहेत, अनुदान आहे, राज्यात हजारोंनी सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, रत्नागिरीचं तर 1828 चं आहे. एवढं सगळं असताना गावातल्या वाचणाऱ्या पोराला बसायला एक खुर्ची नसावी हे मला लागतं. कपाटं आहेत, पुस्तकं आहेत, पण माणसाला माणूस भेटायचा जो हॉल होता तोच गेला.

पुण्यात काय कमी आहे, कार्यक्रमांना जा की, असं लोक म्हणतात. गेले ना. मी खूप कार्यक्रमांना जाते. सभागृहात बहुतेक सगळे माझ्या आजी-आजोबांच्या वयाचे, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, तेच टिकवून आहेत हे सगळं. पण चहाच्या वेळी पहिला प्रश्न 'तू कुणाची गं?' आणि दुसरा 'कविता करतेस का?' मी कथा लिहिते म्हटलं की बोलणं तिथेच थांबतं. दुसरीकडे आमच्या वयाच्या पोरांचे ओपन माइक, तिथे चार मिनिटांत टाळी घेता आली पाहिजे. मला नाही घेता येत, माझी गोष्टच पंचवीस पानांची असते. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर 2023 पासून पुस्तक महोत्सव होतोय, तिथे तुफान गर्दी असते आणि त्यात कॉलेजची पोरं भरपूर असतात, मराठी पुस्तकं घेणारी असतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणजे पोरं वाचत नाहीत हे पण खरं नाही. पण येतात, घेतात, फोटो काढतात, मेट्रोने घरी जातात. मी आणि शेजारची मुलगी एकाच रॅकसमोर एकच पुस्तक चाळत उभ्या होतो, दोघींनाही बोलायचं होतं हे दिसत होतं, आणि दोघी तशाच निघून गेलो. तेवढ्यासाठी कुठेतरी बसायला लागतं, नाहीतर अनोळखी माणसाशी काय बोलणार.

आणि ज्यांना वाटतं पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्यांना जगाशी देणंघेणं नसतं त्यांना दोन माणसं सांगते. एक जी. ए. च. धारवाडला राहिले, तिथेच कॉलेजात शिकवलं, सभा-संमेलनं, सत्कार सगळं टाळलं, लोकांनी त्यांच्याबद्दल काय काय समज करून घेतले. आणि ह्याच माणसाने एवढी पत्रं लिहिली की त्यांचे खंड निघालेत. इतकं मोकळं, इतकं मायेने लिहिलेलं. माणसं नकोशी झालेला माणूस रात्र रात्र बसून दुसऱ्याला पत्रं लिहील का? त्याला माणसं हवीच होती, पण त्याच्या पद्धतीने.

दुसऱ्या लेखिका दुर्गा भागवत. लग्न केलं नाही, आयुष्यातली कितीतरी वर्षं मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातल्या वाचनकक्षात काढली. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर कायम पुस्तकात. आणि 1975 ला, आणीबाणी चालू असताना, आमच्याच जिल्ह्यात कराडला साहित्य संमेलन झालं तेव्हा ह्या बाई अध्यक्षा होत्या. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. भलेभले गप्प होते त्या काळात. बाईंनी व्यासपीठावरून सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं, आणि पुढे तुरुंगातही गेल्या. ते धाडस कुठून आलं असेल ह्याचा मी खूप विचार करते. मला वाटतं जी बाई वर्षानुवर्षं एकटी बसून स्वतःचं मत स्वतः तयार करत होती तिला हॉलभर माणसं काय म्हणतील ह्याची भीती उरली नव्हती. एकटं बसता येणं ही ताकद आहे. आपण मात्र पोरांमधल्या त्या ताकदीला बरा करायचा आजार असल्यासारखं वागवतो.

इथे आमच्याच लोकांना पण एक सांगायचंय. 'मला गर्दी आवडत नाही', 'मी वेगळा आहे', 'लोक उथळ आहेत' हे मिरवणं मला पटत नाही. चहाला आयपीएलवर बोलणाऱ्याच्या आत काय चाललंय हे आपल्याला कुठे माहितीये? डेपोतल्या काकांच्या बाजूला उभा असलेला माणूस पण त्यांना फक्त मेकॅनिकच समजत होता.

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात माझी कथा आली. त्याआधीच्या साभार परत आलेल्या कथांची फाईल वेगळी आहे. बाबांनी स्टॉलवर होत्या तेवढ्या प्रती उचलल्या आणि बँकेत वाटल्या, स्वतः वाचली नाही, पण कव्हर मात्र प्रत्येकाला उघडून दाखवत होते, अनुक्रमणिकेतलं माझं नाव बोट ठेवून. आईने वाचली. दोन दिवस काहीच बोलली नाही. मग रात्री दूध विरजताना म्हणाली, 'ती बाई म्हणजे आपली आजी का गं?' मी हो म्हटलं. त्यानंतर आई ओट्याला टेकून जे बोलत राहिली, सासूबद्दल, स्वतःच्या पहिल्या वर्षांबद्दल, ते तिने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. एका घरात इतकी वर्षं राहून आमच्यात तसं बोलणं झालं नव्हतं. ते त्या कथेमुळे झालं.

तर आता मागणं. तुमच्यापैकी कुणी वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असाल तर हॉलमधलं एक टेबल, फक्त एक, रविवारी सकाळी परीक्षेशिवाय वाचणाऱ्यांसाठी ठेवा, आणि तिथे बोलायची परवानगी द्या. घरात असं पोर असेल तर त्याला पाहुण्यांसमोर 'हा बोलतच नाही बघा' म्हणू नका. काय वाचतोयस विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत थांबा.

आणि पुण्यातल्यांसाठी. आम्ही चौघंजण पुढच्या महिन्यापासून दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी एका मैत्रिणीच्या गच्चीवर बसणार आहोत, कर्वेनगरला. वर्गणी नाही, अध्यक्ष नाही, सादरीकरण नाही. हातात चालू असलेलं पुस्तक किंवा अर्धवट लिहिलेलं काहीतरी घेऊन यायचं, वाचून दाखवायचं तर दाखवायचं, नाहीतर नुसतं ऐकायचं. लांब गोष्टी चालतील. यायचं असेल तर इनबॉक्स करा, पत्ता पाठवते. चहा आहे, खायचं ज्याचं त्याने आणायचं.